लिफ्ट केलेल्या पिकअपचा मागचा भाग कडक करताना

बागेकडे उतरणारी जांभ्याची वाट, पावसात उघडे पडलेले दगड, मध्येच आडवा येणारा वहाळ. अशा रस्त्यावर पोट घासू नये म्हणून पिकअप दोन इंच उचलून घेतात, आणि त्यात काही चूक नाही. तक्रारी सुरू होतात त्यानंतर. पेट्या भरल्या की गाडी मागे बसते, घाटातल्या वळणावर डोलते, चढावर पहिल्या गिअरला मागून थडथडते. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘दोन पाटे वाढव, कडक होईल.’ पाटे म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या. ते वाढवल्यावर एक तक्रार जाते आणि दुसरी येते. उंची वेगळी आणि कडकपणा वेगळा, हे लक्षात न घेता काम केलं की असंच होतं.

इसुझू व्ही-क्रॉस असो, टोयोटा हायलक्स असो, बोलेरो पिकअप असो की टाटा योद्धा, मागे सगळ्यांना पाटेच. हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधला आस झाकणारं लोखंडी कवच) आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घातला की चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर जाते, पण पाटा तोच राहतो. १०० किलो टाकल्यावर तो आधी जितका दबायचा तितकाच आताही दबतो. लांब शॅकलचंही (पाट्याचं मागचं टोक चॅसीला जोडणारी हलती कडी) तेच. शॅकल दोन इंच लांब केला तर मधल्या हाउसिंगपाशी उंची जेमतेम एक इंच मिळते, कारण पाट्याचं पुढचं टोक जागचं हलत नाही. कडकपणा वाढतो तो फक्त पाट्यांची संख्या, रुंदी, जाडी किंवा लांबी बदलली तर. लिफ्टनंतर गाडी मऊ झाल्यासारखी वाटते, पण पाटे मऊ झालेले नसतात. वजन उंचावर गेल्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो, आणि तेच पाटे आता कमी पडतात.

आधी दुखणं ओळखा

माल भरल्यावर गाडी बसत असेल तर पाट्याची ताकद कमी पडतेय. वळणावर डोलत असेल पण बसत नसेल तर पाटे वाढवायची गरज नाही. तिथे मागचा अँटी-रोल बार (गाडी कलू न देणारी आडवी दांडी) आणि चांगले शॉकअप पुरतात. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत राहिली तर दोष सरळ शॉकअपचा. शॉकअप वजन पेलत नाही, फक्त हालचाल थांबवतो, त्यामुळे जाडजूड शॉकअप बसवून गाडी बसायची थांबेल ही अपेक्षा सोडून द्या.

चढावरची थडथड मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण ती बहुतेक वेळा लिफ्टनेच आणलेली असते. चाक गाडीला पुढे ढकलतं तेव्हा हाउसिंगचं पुढचं तोंड वर उचलायला बघतं आणि पाट्याला इंग्रजी ‘एस’सारखा पीळ पडतो. पकड सुटली की पाटा झटक्यात सरळ होतो, पुन्हा पिळतो. हा पीळ पडतो चाकाच्या जोराने, आणि तो जोर पाट्यापासून जितका लांब तितका पीळ मोठा. ठोकळा घातला की हेच अंतर वाढतं. ब्रेक लावताना पीळ उलट्या दिशेने पडतो. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे: माल वाहणाऱ्या गाडीला उंची ठोकळ्याने न देता पाट्याच्या कमानीतून द्यावी. ठोकळा असलाच तर एकच, दोन इंचापर्यंतचा, ओतीव किंवा पोलादी आणि सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) खुंटीला नीट बसणारा. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नको. आहे त्या ठोकळ्यासहित गाडी चालवायची असेल आणि थडथड जात नसेल, तर हाउसिंगपासून चॅसीपर्यंत ट्रॅक्शन बार (पीळ अडवणारी दांडी) लावावा लागतो. त्याचं एक टोक हलतं असायला हवं, नाहीतर तो सस्पेन्शनच अडवतो.

ठोकळ्याचं आणखी एक नुकसान सहसा कोणी सांगत नाही. हाउसिंग खाली गेल्यामुळे बंप रबरपर्यंतचं (चॅसीखालचं, हाउसिंगचा धक्का झेलणारं रबर) अंतर ठोकळ्याइतकं वाढतं. म्हणजे रबर टेकण्याआधी पाटा मूळ हिशेबापेक्षा दोन इंच जास्त वाकतो, सपाट होऊन उलटा जातो आणि काही महिन्यांत मोडतो. ठोकळा जितका उंच तितकंच बंप रबर खाली आणणारी पट्टी लावलीच पाहिजे.

मोजमाप

गाडी सपाट जागी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजा. मागे बंप रबर आणि हाउसिंग यांच्यामधली फटही मोजा. मग नेहमीचा माल भरून पुन्हा मोजा. ४ ते ५ डझनांची हापूसची लाकडी पेटी साधारण २० किलोची धरली तर ४० पेट्यांचे ८०० किलो होतात. जांभ्याचा एक चिरा आकारानुसार ३० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे २७ चिऱ्यांतच तितकं वजन झालं. जमल्यास वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून मागच्या हाउसिंगवरचा भार घ्या. हौदातला जवळजवळ सगळा माल तिथेच येतो.

रिकाम्या गाडीत फट ८० मिमी आणि भरल्यावर २० मिमी उरत असेल, तर खड्ड्यासाठी फक्त २० मिमी शिल्लक आहेत, आणि प्रत्येक खड्ड्यात रबर आपटणार. भरलेल्या गाडीतही निदान निम्मी फट उरावी एवढाच कडकपणा वाढवावा, त्याहून जास्त नको. अतिकडक पाट्यांची रिकामी गाडी जूनच्या पावसात करूळ किंवा फोंडा घाटात उतरू लागली की मागची चाकं रस्त्यावर टेकण्यापेक्षा उड्याच जास्त मारतात. ओल्या वळणावर मागची पकड सुटते ती अशी.

जाडीचा हिशेब

पाट्याचा कडकपणा संख्येच्या आणि रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. एक ढोबळ उदाहरण घेऊ. ६० मिमी रुंद, ७ मिमी जाड असे ५ पाटे, दोन्ही डोळ्यांमधलं (पाट्याच्या टोकांना वळवलेल्या गोल कड्यांमधलं) अंतर १२५० मिमी. एकत्र बांधलेल्या पाट्यांच्या या जुडीचा कडकपणा मिलिमीटरला सुमारे २९ न्यूटन येतो. म्हणजे एका बाजूवर १०० किलो वाढले की ती ३४ मिमी दबते. तिच्यात ७ मिमीचाच एक पाटा वाढवला तर दबणं २८ मिमीवर येतं. तोच पाटा ८ मिमीचा घेतला तर २६ मिमी, आणि १० मिमीचा घेतला तर २१ मिमी. एक मिलिमीटर जास्त जाडी म्हणजे त्या पाट्यापुरता जवळपास दीडपट कडकपणा.

मग सरळ १० मिमीचा का टाकू नये? तितकाच वाकवला तर जाड पाट्यावर ताणही जाडीच्या प्रमाणात जास्त येतो. बाकीच्यांइतकीच कमान देऊन जाड पाटा मध्ये घुसवला की सगळ्यांत आधी तोच मोडतो. म्हणून कंपनीचा जाड पाटा सगळ्यांत खाली, जवळजवळ सपाट असतो. गाडी ठरावीक भारापर्यंत दबली की मगच वरचे पाटे त्याला टेकतात. माल कधी असतो, कधी नसतो अशा गाडीला हीच व्यवस्था उत्तम, कारण रिकाम्या गाडीत तो पाटा कामालाच येत नाही. बाराही महिने माल असेल तर वरच्या जुडीत पाटा वाढवा. आंबा फक्त मार्च ते मे वाहायचा आणि बाकी वर्षभर घरची माणसं न्यायची असतील तर खालचा जाड पाटा, म्हणजे हेल्पर, घ्या.

कमान आणि फट

जुडीतले पाटे सुटे करून एकमेकांवर ठेवले तर मध्यभागी फट दिसायला हवी. खालच्या प्रत्येक पाट्याची कमान वरच्यापेक्षा किंचित जास्त असते, आणि सेंटर बोल्ट आवळला की ती फट मिटते. यामुळे मेन, म्हणजे सगळ्यांत वरच्या, पाट्यावर आधीच थोडा उलटा ताण बसतो आणि भार आल्यावर त्याचा एकूण ताण कमी राहतो. फट अजिबात नसेल तर सगळा भार मेन पाट्यावर जातो. फट खूप असेल, म्हणजे बसलेल्या जुन्या पाट्यांत नवा भरपूर कमानीचा पाटा घातला असेल, तर भार एकट्या नव्या पाट्यावर जातो. तो आठवड्याभरात सपाट होतो किंवा मोडतो, आणि दोष पाट्याच्या पोलादाला दिला जातो. जुने पाटे मूळ उंचीपेक्षा २५ ते ३० मिमी बसलेले असतील तर एकेक पाटा वाढवत बसू नका. पूर्ण नवी जुडी घ्या. शेवटी तेच स्वस्त पडतं.

रस्त्याकडेच्या दुकानात पाटा दोन आधारांवर ठेवून घणाने ठोकून कमान देतात. कमान येते, पण टिकत नाही, कारण पोलादाला पुन्हा पाणी दिलेलं (तापवून, बुडवून कडक केलेलं) नसतं. शिवाय घणाचे घाव पडतात पाट्याच्या आतल्या, खोलगट बाजूवर. भार आला की नेमकी तीच बाजू ताणली जाते. प्रत्येक खाच म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. गॅसने तापवून वाकवलेला किंवा वेल्डिंग केलेला पाटा तर वापरूच नये. उष्णतेने त्याचा लवचीकपणाच जातो. कमान द्यायचीच तर भट्टीत तापवून, तेलात बुडवून, पुन्हा ठरलेल्या तापमानाला आणून देणारा कारखाना गाठा.

पाटा वाढवताना

पुढच्या चाकांना दगड न लावता लाकडी पाचर लावा. जांभ्याच्या अंगणात जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी घाला. स्टँड चॅसीला द्या, हाउसिंगखाली वेगळा ट्रॉली जॅक धरा आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. यू-बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळून धरणारे) आणि शॅकलच्या नटांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. किनाऱ्यावरच्या गाड्यांचे नट त्याशिवाय हलत नाहीत.

शॉकअपचं खालचं टोक सोडवा, यू-बोल्ट काढा, हाउसिंग हळूहळू खाली घ्या. ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, हे प्रत्येक टप्प्यावर बघा. जुडी बाहेर आल्यावर सेंटर बोल्ट खोलण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना दोन भक्कम सी-क्लॅम्प आवळा. पाटे ताणलेले असतात, बोल्ट सुटला की उसळतात. मग क्लॅम्प थोडेथोडे, आळीपाळीने सोडा.

प्रत्येक पाट्यावर खडूने क्रमांक टाका आणि तारेच्या ब्रशने गंज काढा. तडा डोळ्यांना दिसत नसेल तर पाट्यावर रॉकेल लावून दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. तड्यात राहिलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या भुकटीत केसासारखी काळपट रेघ उमटते. मधल्या भोकाभोवती, डोळ्याच्या वळणाशी आणि खालच्या पाट्याचं टोक जिथे टेकतं तिथे आवर्जून बघा. भोकातून मोडलेला पाटा सांगतो की यू-बोल्ट ढिले होते. यू-बोल्ट घट्ट असले की मधला भाग वाकतच नाही. डोळ्याजवळ मोडला असेल तर बुश (डोळ्यात बसवलेलं नळकांडं) जाम झालाय किंवा शॅकलचा कोन चुकलाय.

नवा पाटा लांबीनुसार त्याच्या जागी घाला, म्हणजे वर त्याहून लांब आणि खाली त्याहून आखूड. जुडी क्लॅम्पने दाबून बंद करा आणि मगच सेंटर बोल्ट आवळा. बोल्टने ओढून जुडी बंद केली तर बोल्टच ताणला जातो. बोल्ट जास्त ताकदीचा, १०.९ ग्रेडचा घ्या. त्याचं डोकं हाउसिंगवरच्या भोकात सैल न राहता बसतं का ते तपासा. सैल राहिलं तर हाउसिंग मागेपुढे सरकतं आणि गाडी तिरकी पळते. जुडी बाजूंनी धरणाऱ्या क्लिपा पाट्यांना गच्च आवळू नका, पाटे एकमेकांवर सरकायला हवेत.

यू-बोल्ट नेहमी नवे घ्या. जुने एकदा ताणलेले असतात, पुन्हा आवळले तरी धरत नाहीत. वाढलेल्या पाट्याच्या जाडीइतकी जास्त लांबी लागते. चारही नट फुलीच्या क्रमाने, तीन-चार फेऱ्यांत, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा. १०० किलोमीटरनंतर एकदा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नव्या जुडीतला रंग आणि गंज दबून जातो आणि नट सैल पडतात.

शॅकलचे आणि डोळ्यांचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकून, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबरी बुश त्याच स्थितीत पकडला जातो, गाडी खाली आल्यावर कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. कुरकुर आवाजाची निम्मी प्रकरणं इथेच सापडतात. आवळून झाल्यावर शॅकलकडे नीट बघा. त्याचं खालचं टोक मागच्या बाजूला झुकलेलं हवं. कमान जास्त झाली की दोन डोळ्यांमधलं अंतर कमी होतं आणि शॅकल उभा होतो. तो पुढे झुकला तर पाट्याला लांब व्हायला वाट मिळत नाही आणि गाडी दगडासारखी आदळते.

कडक केल्यावर काय बिघडतं

सगळ्यांत गंभीर गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपमध्ये चॅसी आणि हाउसिंग यांच्यामध्ये एक दांडी असते. तिला जोडलेला व्हॉल्व्ह मागची उंची बघून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी दबलेली म्हणजे माल आहे, दाब वाढव; उंच म्हणजे रिकामी, दाब कमी कर. लिफ्टमुळे गाडी कायम रिकामी भासते. पाटे कडक केल्यावर ती भरूनही कमी दबते, म्हणजे व्हॉल्व्हची दुहेरी फसवणूक. भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा बोजा पुढच्या ब्रेकवर पडतो, आणि आंबा घाट उतरून साखरप्याला येईपर्यंत ते तापून सैल होतात. दांडीचा ब्रॅकेट लिफ्टच्या उंचीइतका सरकवा आणि मग वर्कशॉपमध्ये दाबाचा मीटर लावून व्हॉल्व्ह जुळवून घ्या. काही जण तो तारेने पूर्ण उघडा बांधून ठेवतात. मग रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर जाम होतात आणि गाडी फिरते. हे अजिबात करू नका.

दुसरं प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याचं. उंची वाढली की क्रॉसचा (शाफ्टच्या सांध्याचा) कोन वाढतो. एकसंध शाफ्ट असेल तर गिअरबॉक्सच्या टोकाचा आणि पिनियनचा (हाउसिंगच्या तोंडाशी असलेल्या गिअरचा) कोन एकमेकांना समांतर हवा, फरक एक अंशाच्या आत. लांब शॅकलने पिनियनचं तोंड वर जातं, तेव्हा पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये दोन-तीन अंशांची पोलादी पाचर घालून ते जागेवर आणतात. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधलं बेअरिंग थोडं खाली घ्यावं लागतं. ठरावीक वेगालाच गाडी गुणगुणत असेल तर कारण हेच.

शॉकअपची उघडी आणि मिटलेली लांबी मोजा. चाक पूर्ण लोंबकळलं तरी तो ताणला जाऊ नये आणि रबर टेकण्याआधी पूर्ण मिटू नये. कडक पाटा जास्त जोराने उसळतो, त्यामुळे उघडताना जास्त अडवणारा शॉकअप निवडा.

एअर बॅगचा, म्हणजे पाट्यांना मदत करणाऱ्या हवेच्या पिशव्यांचा, पर्याय रोज वेगळा भार असणाऱ्यांसाठी चांगला आहे, पण डाव्या-उजव्या नळ्या वेगळ्या ठेवा. एकच नळी असेल तर वळणावर हवा बाहेरच्या बॅगेतून आतल्या बॅगेत पळते आणि गाडी आणखी कलते. लिफ्ट केलेल्या गाडीत बॅगेखाली तितकाच उंच ब्रॅकेट लागतो. रिकाम्या गाडीतही कंपनीने सांगितलेली किमान हवा ठेवा, नाहीतर बॅग घडीत चिमटते. सायलेन्सरपासून ती लांब असावी.

आणि कायद्याचं: पाटे कितीही वाढवले तरी आरसीवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाढत नाही. बेअरिंग, हाउसिंग, टायर आणि ब्रेक तेच आहेत. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. कंपनीच्या मूळ रचनेत केलेला बदल कलम ५२ खाली अडचणीत आणू शकतो, म्हणून लिफ्टच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

खारी हवा, लाल चिखल

किनाऱ्यावर पाटे भारापेक्षा गंजाने जास्त मरतात. दोन पाट्यांच्या मध्ये लाल माती बसते, ओल धरून ठेवते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, गाडी कडक लागते. ही ताकद वाढल्याची खूण समजू नका, अशा जुडीचं आयुष्य संपत आलेलं असतं. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरून मासळी नेणाऱ्या गाड्यांत तर वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी हौदातून थेट पाट्यांवर ठिबकतं. हौदाच्या भोकाला रबरी नळी जोडून ती हाउसिंगच्या मागे, पाट्यांपासून दूर सोडा, आणि प्रत्येक फेरीनंतर खालून गोड्या पाण्याचा फवारा मारा.

जुडी खोललेली असतानाच पाट्यांवर जस्तयुक्त प्रायमरचा पातळ थर द्या. जस्ताचा इलेक्ट्रोप्लेटिंग मुलामा मात्र देऊ नका. त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि पाटा काचेसारखा तडकू शकतो. पाट्यांच्या टोकांशी नायलॉनच्या चकत्या नसतील तर मध्ये ग्रॅफाइट ग्रीस चालतं. चकत्या असतील तर ग्रीस नको, सिलिकॉनचा फवारा पुरे. वाळूतून रोज जाणाऱ्या गाडीला बाहेरून ग्रीस फासू नका, वाळू चिकटते आणि घासते. शॅकलला ग्रीसचं निपल असेल तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी जुनं ग्रीस आणि पाणी बाहेर येईपर्यंत नवं भरा. निपलमधून ग्रीस जात नसेल तर पिन जाम झाली आहे. ती काढून साफ केल्याशिवाय गाडीवर माल चढवू नका.